आधी माती, मग पत्रा

परभणीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून इथं देतो.

"आदरणीय सर, माझं वय ४१. वडील सुतार होते. गेल्या दिवाळीनंतर ते गेले आणि त्यांची हत्यारांची पेटी भावांनी माझ्याकडं दिली, कारण लहानपणी त्यांच्याजवळ बसून रंधा मारणारी मीच होते. हत्यारं पार गंजलीत. घरामागं १८ बाय २५ फुटांचा परस आहे. तिथं पत्र्याचं शेड टाकून सुतारकामाची जागा करावी, कडेनं चार भाज्या लावाव्यात असं फार मनात आहे. सुरुवात म्हणून मागच्या उन्हाळ्यात काळ्या मातीवर वाळू अंथरून मी स्वतःच शहाबादी फरशी बसवली. पावसाळा झाला आणि फरश्या वरखाली झाल्या, दोन फुटल्या, आता पाणी घराच्या भिंतीकडंच साचतं. व्हिडिओ बघून चार इंची ग्राइंडर आणला. लाकूड कापायला म्हणून दुकानदारानं दात्यांचं पातं दिलं, पण चालू करायची भीती वाटते. सासूबाई म्हणतात, माझ्या कुरडयांवर भुस्सा पडेल. दीर म्हणतात, एवढ्या पैशात तयार फर्निचर आलं असतं. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला सगळ्यातच हात घालायचाय. सुरुवात कुठून करू?"

ताई,

हे वाचून झालं की पहिलं काम करा. ग्राइंडरची पिन बोर्डातून काढा, पाना लावून ते दात्यांचं पातं सोडवा आणि दुकानदाराला परत द्या. का परत करताय तेही त्याला सांगा. तुम्हाला भीती वाटली ती अगदी बरोबर वाटली.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. हिशेब केला तर पात्याच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. लोखंड कापायची चकती घासत कापते, दाते मात्र लाकडात रुततात. गाठ आली, लाकूड थोडं आवळलं, की पातं अडकतं आणि आख्खं मशीन उसळून तुमच्याच अंगावर येतं. लाकूड कापायच्या मशीनला खाली टेकायला पट्टी असते, पात्यावर झाकण असतं. ग्राइंडरला टेकायला काहीच नाही. मी आयटीआयमध्ये पुष्कळ वर्षं सुतारकाम शिकवलं. एका हुशार मुलानं गावाकडं असंच पातं लावून चौकट कापायला घेतली होती. त्याची दोन बोटं गेली, आणि त्याचा तो हात माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. म्हणून या एका बाबतीत मी मध्यम मार्ग सांगत नाही. लाकडाला हातकरवत वापरा. पुढं फारच गरज पडली तर खाली पट्टी असलेली जिगसॉ (विजेची छोटी करवत) घ्या.

ग्राइंडर फेकायचा नाही. लोखंडाचा अँगल कापायला, वेल्डिंगची गाठ घासायला तो चांगला आहे. झाकण लावलेलंच हवं, डोळ्यांवर चष्मा हवा, दोन्ही हातांनी धरलेला हवा. चकतीवर छापलेली मुदतीची तारीख बघून घ्या, कारण जुनी चकती फुटते. साडीचा पदर कितीही खोचला तरी सुटतो, तेव्हा फिरत्या मशीनजवळ अंगाबरोबरचे कपडे, बांधलेले केस आणि बांगड्या काढलेले हात. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू नका. धागा अडकला की मोज्याबरोबर हात ओढला जातो.

आता तुमच्या फरशीकडं येतो, कारण तुमच्या सगळ्या बेताचं मूळ तिथं आहे.

फरशी वरखाली झाली यात तुमच्या हाताचा दोष नाही. माती तशी आहे. परभणीची जमीन म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातली खोल काळी. तिच्यात जी चिकणमाती आहे, तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते. वाळली की आकसते. मेमध्ये भेगा कशा पडतात हे तुम्ही बघितलंच असेल, काही भेगांत मनगटापर्यंत हात जातो. माती खोल असेल तिथं हे फुगणं-आकसणं दहा-बारा फूट खोलपर्यंत चालतं. वर ठेवलेली हलकी फरशी ती सहज उचलते. पायासकट भिंतसुद्धा हलवते.

वाळू टाकली तिथं मात्र चुकलं, आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात. वाळूतून पाणी सरळ खाली जातं, म्हणजे काळ्या मातीला उलट सोईनं पाणी पाजलं जातं. भेगा पडल्या की वाळू त्यांत उतरते आणि फरशीखाली पोकळी राहते. आयआयटी मुंबईतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर फार मोठं काम केलं. त्यांनी दाखवलं की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण स्वतःला धरून ठेवणाऱ्या मातीचा दाबलेला थर दिला, तर खालचं फुगणं आटोक्यात येतं. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडं तशी माती म्हणजे चांगला, थोडा चिकट मुरूम. ओंजळभर मुरूम ओला करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटांना काळ्या मातीसारखा लेप लागता कामा नये. भुरभुरून पडला तर तो मुरूम नको.

आख्खा परस करायचा नाही. जिथं काम करणार ती फक्त १० बाय १० ची जागा घ्या, आणि ती घराच्या भिंतीला चिकटून नको, चार फूट सोडून. तिथल्या फरश्या काढून एका बाजूला रचा. दीड फूट खोदा. ते १५० घनफूट होतात. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मागवा. सहा सहा इंचांचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं (चिखल होईल इतकं नाही) आणि धुम्मसनं (दांडा लावलेल्या जड ठोकळ्यानं) चोपायचं. टाच मारून खूण उमटेनाशी झाली की पुढचा थर. हे धुम्मस मारायचं काम कंबरडं मोडणारं आहे. दोन दिवसांना एक माणूस लावा, त्यात कमीपणा नाही. खोदताना निघालेली काळी माती फेकू नका, ती भाजीच्या वाफ्याला लागणार आहे.

खोदाईची वेळ महत्त्वाची. संक्रांतीपासून होळीपर्यंत काळी माती खोदण्याजोगी असते. एप्रिलमध्ये ती दगड होते आणि जुलैत टिकावाला चिकटून बसते.

शेवटच्या थराला उतार द्या, दहा फुटांना दोन इंच, आणि तो घरापासून दूर जाणारा. फरश्या त्यावर परत मांडा, फटी मुरमाच्याच बारीक चाळानं भरा, सिमेंटनं बुजवू नका. एखादी फरशी पुढं हललीच तर पहारीनं उचलून नीट करता येते. सिमेंटनं जोडलेली फरशी हलली की फुटतेच.

आणि भिंतीकडं साचणारं पाणी. हे फरशीपेक्षा गंभीर आहे. काळ्या मातीवरच्या घराला सगळ्यात वाईट काय, तर पायाची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी. ओली बाजू उचलते, कोरडी बसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. म्हणून भिंतीलगत फुलझाडांचा वाफा नको, नळाची गळती नको, कूलरचं पाणी तिथं सोडायला नको. भिंतीपासून तीन-चार फूट रुंदीचा पट्टा कोबा करून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. फार पैसे नसतील आणि एकच काम करता येणार असेल, तर कार्यशाळा बाजूला ठेवा आणि हे करा.

मग ते पाणी न्यायचं कुठं? परसाच्या टोकाला शोषखड्डा. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घराघराला शोषखड्डे घेतले, उघड्या गटारी बंद झाल्या आणि डास हटले. बाहेरून लोक ते बघायला यायचे. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा. मधोमध भोकं पाडलेली छोटी टाकी किंवा सिमेंटचा पाइप. भोवती खाली मोठे दगड, वर लहान. गाळ त्या टाकीत बसतो आणि ती अधूनमधून साफ करता येते, हीच त्यातली खुबी. तुमच्या मातीत एक अडचण येईल, काळी माती पाणी फार हळू पिते. खड्डा खणला की त्यात घागर-दोन घागरी पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर अजून खाली जावं लागेल, मुरमाचा थर लागेपर्यंत. घराच्या पायापासून निदान दहा फूट अंतर ठेवाच.

न्हाणीचं पाणी थेट शोषखड्ड्यात सोडण्याआधी त्याच्या वाटेवर केळी, कर्दळ, अळू लावा. ती झाडं साबणाचं पाणी सोसतात. मेथी-कोथिंबिरीला मात्र ते पाणी देऊ नका.

आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. शेड या वर्षी टाकू नका.

यंदा फक्त माती आणि पाणी. मुरमाच्या जागेवरून एक आख्खा पावसाळा जाऊ द्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन परसात उभ्या राहा आणि पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं खड्डा पडतो ते बघा. वहीत चित्र काढून ठेवा. दिवाळीपर्यंत मातीनं जे सांगायचं ते सांगितलेलं असेल, मग खांबांच्या जागा ठरवा. घाईनं टाकलेली शेडं मी खूप पाहिली आहेत. दोन वर्षांत खांब कलतात, दार लागेनासं होतं, आणि माणूस दाराची बिजागरी बदलत बसतो.

शेडचं वेल्डिंग तुम्ही शिकू नका असं म्हणत नाही, पण हे पहिलं शेड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. त्याला चार गोष्टी ठणकावून सांगा. खांब तीन फूट खोल, काँक्रीटमध्ये. मोठी उघडी बाजू उत्तरेला, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, हत्यारावर ऊन चमकत नाही आणि पश्चिमेचं तापलेलं ऊन अंगावर येत नाही. उंची कमीत कमी नऊ-दहा फूट, म्हणजे तापलेला पत्रा डोक्यापासून लांब राहील. आणि पत्रा जे-हुकानं किंवा वायसर असलेल्या स्क्रूनं प्रत्येक आडव्या पाइपला आवळलेला. एप्रिल-मेमधलं अवकाळी वारं पत्रा खालून उचलतं, वरून दाबत नाही.

त्यामुळंच पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडची रीत मला बघवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी तरुण होतो. मदतीला गेलो होतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर दोन-दोन फूट मातीचं माळवद, हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार असतं हे खरंच, मीही तसल्याच घरात वाढलो. पण त्या दिवसानंतर डोक्यावर सुटं वजन ठेवणारी कुठलीही सोय मला सोय वाटत नाही. तुमच्या कार्यशाळेतही फळ्या भिंतीला पक्क्या करा, आणि जड वस्तू कमरेच्या खाली ठेवा.

पत्रा मेमध्ये भट्टी होतो. वरून पांढरा चुना दरवर्षी फिरवा, पत्र्याच्या फूटभर वर हिरवी शेडनेट ताणा, बराच फरक पडतो. आत तुराट्यांचा किंवा पाचटाचा थर देतात तो गार असतो, पण जिथं ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार तिथं तो अजिबात नको.

१० बाय १० च्या पत्र्यावर २० मिलिमीटरची एक सर पडली तर १८० लिटरच्या आसपास पाणी मिळतं, म्हणजे जवळपास एक ड्रम. पन्हाळ लावा आणि ड्रम ठेवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ते बघितलेल्या माणसाला ड्रमभर पाणीही वाहून जाताना बघवत नाही. पहिल्या पावसाचं धुळकट पाणी सोडून द्या, ड्रमच्या तोंडाला जाळी बांधा, आणि आठवड्यात एकदा ड्रम रिकामा करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच वाढतील.

विजेचं थोडक्यात सांगतो. खिडकीतून वायर ओढून काम करू नका. मेन बोर्डापासून वेगळी लाइन, तिला एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसू लागला की वीज तोडणारी), आणि खरं अर्थिंग. परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आपल्याकडं एक खास भानगड अशी की उन्हाळ्यात काळी माती आकसते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते, म्हणून मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायची सवय लावून घ्या.

आता वडिलांची पेटी.

हे लिहायला मी मुद्दाम मागं ठेवलं, कारण घाईनं लिहायचं नव्हतं. गंज पाहून घाबरू नका. गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो, आणि जुन्या सुतारांच्या पटाश्यांचं (लाकूड कोरायच्या हत्यारांचं) पोलाद फार चांगलं निघतं. दुकानात नवीन मिळणाऱ्या पुष्कळ पटाश्यांपेक्षा ते बरं असेल. पण हत्याराला हात लावण्याआधी एक काम करा. सगळी हत्यारं एका जुन्या चादरीवर मांडा आणि मुठी नीट बघा. जिथं वडिलांचा अंगठा टेकायचा तिथं खळगा पडलेला दिसेल. तो घासून सपाट करू नका, त्यावर रंग देऊ नका. तिथं तुमचा अंगठा ठेवून बघा. धरायचं कसं हे मला लिहून सांगता येणार नाही, त्या खळग्यातून ते कळेल.

मग लोखंड. मूठ निघत असेल तर काढा. पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक रात्र बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच पुसून कोरडं करा आणि मशीन ऑइलचा हात फिरवा. लगेच म्हणजे लगेच. चहा करून येईपर्यंत पुन्हा तांबूस होतं. मूठ निघत नसेल तर रॉकेल किंवा डिझेलचा बोळा आणि घासणं, वेळ जास्त लागतो इतकंच. खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

वाकसाचा (लाकूड तासायच्या हत्याराचा) दांडा ढिला झाला असेल, बहुधा असेलच, कारण लाकूड वाळून आकसतं. रात्रभर पाण्यात बुडवून घट्ट करायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. ती दोन दिवस टिकते आणि नंतर दांडा आणखी ढिला होतो. वरच्या तोंडातून बाभळीची नवी पाचर ठोका. ढिल्या दांड्याचा वाकस हातात घेऊ नका, एका घावासाठीसुद्धा.

धार लावायला महागडा दगड लागत नाही. खिडकीची जाड काच घ्या, तिच्यावर वॉटर पेपर पाण्यानं चिकटवा, आधी २२०, मग ४००, ८००, आणि शेवटी १५०० नंबरचा. पटाशीची सपाट पाठ आधी. पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग आरशासारखा सपाट झाला पाहिजे. पाठ सपाट नसेल तर समोरून कितीही घासा, धार येत नाही. नवशिके इथंच कंटाळतात. पाठ झाली की उतरती बाजू २५ ते ३० अंशांवर धरून घासायची, पाठीमागं बारीक काप उचललेला बोटाला जाणवेपर्यंत. मग तो काप पाठीकडून एकदा घासून काढायचा. हातावरचे केस साफ निघाले की झालं. एका पटाशीला पहिल्यांदा दोन तास लागतील. दुसरीला एक. पुढं कामाच्या मध्ये दोन मिनिटांचं काम होऊन जातं. बोथट पटाशी जोर लावायला लावते आणि जोरात सुटलेली पटाशी दुसऱ्या हातात घुसते, म्हणून धार लावलेलं हत्यार जास्त सुरक्षित असतं. डावा हात कायम पात्याच्या मागं. रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासली की तो लाकडावर पाण्यासारखा सरकतो. करवतीला मात्र गावातल्या धारवाल्याकडून धार लावून घ्या आणि तो करताना शेजारी बसून बघा.

दिरांचं म्हणणं पैशाच्या हिशेबानं खरं आहे, हे मी नाकारणार नाही. पहिल्या दोन वर्षांत तुमचे पैसे वाचणार नाहीत. ते वाचवण्यासाठी तुम्ही हे करत नाही आहात, आणि घरात तसंच सांगा. खर्च आवरायला मी एक नियम पाळतो. एखादं हत्यार तिसऱ्यांदा मागून आणायची वेळ आली की मगच ते विकत घ्यायचं. पेटीत जे आहे त्यात तुमचं एक वर्ष आरामात निघेल. गुण्या (काटकोन तपासायचा), टेप, दोन शिकंजे (लाकूड आवळून धरायचे) आणि चष्मा एवढंच नवीन लागेल.

आणि पहिली वस्तू टेबल किंवा कपाट नको. सासूबाईंसाठी वाळवणाची चौकट करा.

खरंच सांगतो. त्यांची तक्रार रास्त आहे. वर्षाच्या कुरडया-पापड्यांवर भुस्सा बसला तर कुणालाही राग येईल. होळी झाली की वाळवणं सुरू होतील आणि सासूबाई त्या वयात वाटीभर चीक घेऊन गच्चीचे जिने चढणार. ओसरीत बसून आठ दिवसांत होईल असं हे काम आहे, त्याला शेड लागत नाही. दोन इंच बाय एक इंचाच्या सागवानी पट्ट्या घ्या. जुने वाडे पाडतात तिथलं लाकूड मिळालं तर फारच छान, ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, फक्त रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून आतले मोडके खिळे शोधा. चार फूट बाय अडीच फुटांची चौकट. कोपऱ्यांत दोन्ही पट्ट्यांची अर्धी अर्धी जाडी काढायची आणि एकीवर एक बसवायची. हा जोड करवत आणि पटाशी दोन्ही शिकवतो, आणि थोडा चुकला तरी धरून राहतो. चिकटवण्याआधी एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, अशी दोन्ही तिरपी अंतरं दोरीनं मोजा. दोन्ही मापं सारखी आली की चौकट काटकोनात आहे.

अशा दोन चौकटी. खालचीला घट्ट जाळी, तिच्यावर सुती कापड किंवा प्लॅस्टिक अंथरून कुरडया घालायच्या. वरचीला मच्छरदाणीचं कापड, बिजागरीवर उघडणारं, म्हणजे कावळे-चिमण्यांपासून राखण करत बसायला नको. स्क्रू पितळी किंवा स्टीलचे, कारण गंजाचा डाग पापडावर उतरतो. पॉलिश किंवा वॉर्निश काहीही लावू नका, खायची वस्तू आहे. नुसतं घासून गुळगुळीत करा. चौकटीला पाय जोडा; त्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत, हे त्यांना तुमच्याआधी सुचेल. पायांची उंची तुम्ही ठरवू नका. त्यांना उभं करा, हात पुढं करायला सांगा, आणि जिथं त्यांना न वाकता कुरडई पाडता येईल तिथं पेन्सिलीनं खूण करा. मोठ्या आवाजाची कामं पुढं कधीही दुपारी एक ते चार करायची नाहीत, हेही त्याच वेळी त्यांना सांगून टाका.

लोक काय म्हणतील हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण दोन ओळी खोडलेल्या दिसल्या. सुताराच्या लेकीनं रंधा धरावा की नाही, याचं उत्तर तुमच्या वडिलांनी तुम्हाला शेजारी बसवून केव्हाच दिलेलं आहे.

वर्षभरानं, शेड झाल्यावर, मोठा बाक करा. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी बाकाच्या पाटीला लागेल. पाय जड असू द्यात. बाभूळ मिळाली तर उत्तम, पण ओली घेऊ नका, पोटातून फुटते. इंचाच्या जाडीला एक वर्ष सावलीत वाळणं असा जुना हिशेब आहे. यंदा बाभळीचे ओंडके मिळाले तर आताच फाडून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवा.

लेकराला नाही म्हणू नका, पण विजेचं कुठलंही मशीन त्याच्या हातात नको, आणि करवत चालवायची ती तुम्ही शेजारी असतानाच, चष्मा लावून. मुरमाच्या उताराचं माप घ्यायचं काम मात्र पूर्णपणे त्याच्यावर सोपवा. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, तीस फूट. त्यात पाणी भरून दोन टोकं दोन खुंट्यांना धरली की दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला येतं, तिथं खुणा करायच्या. मग घराकडच्या खुणेपासून जमिनीपर्यंतचं माप आणि पलीकडच्या खुणेपासून जमिनीपर्यंतचं माप यांत दोन इंचांचा फरक आला पाहिजे, जास्त माप पलीकडं. नळीत कुठंही हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मापं चुकतात, म्हणून पाणी भरताना एक टोक बादलीत आणि दुसऱ्या टोकानं ओढून घ्यायचं, आणि मग सगळी नळी उजेडात धरून शेवटपर्यंत बघायची. त्याची नजर तुमच्यापेक्षा चांगली असेल.